लांबच्या ट्रिपआधी इंजिन ऑइल: कोणतं टाकायचं, कधी बदलायचं

साताऱ्याहून कन्याकुमारी म्हणजे जाऊन-येऊन तीन हजार किमीच्या आसपास, त्यामुळे ट्रिप ठरली की हॉटेल बुक करायच्या आधी हा हिशोब करा: मागचं ऑइल किती किमीला बदललं होतं आणि घरी परत येईपर्यंत त्याचे किती किमी होतील. बऱ्याच पेट्रोल कारना १०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते, असं असतं, पण आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा. तुमचे ८,००० झाले असतील तर बदलूनच निघा, वाटेत कुठं गॅरेज शोधत बसणार. ५,००० झालेत आणि वर्षही झालेलं नाही तर बदलू नका, चांगलं ऑइल ओतून टाकण्यात काही अर्थ नाही.

हायवेनं ऑइल लवकर खराब होतं असं बरेच जण म्हणतात, खरं तर उलटं आहे. रोज राजवाड्यावरून पोवई नाका, तिथून घर, दोन-तीन किमीत इंजिन नीट तापतच नाही, मग ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं. हायवेला ८०-९० नं एकसारखी पळणारी गाडी त्यापेक्षा आरामात असते. घाट मात्र वेगळा, कुंभार्ली किंवा आंबेनळी गाडी भरून सेकंड गिअरवर चढताना आरपीएम जास्त, समोरून लागणारी हवा कमी, ऑइल चांगलंच तापतं. असं चालवणं नेहमीचं असेल किंवा धुळीत, ट्रॅफिकमध्ये गाडी जास्त असेल तर मॅन्युअलमध्ये कमी किमीचा वेगळा आकडा दिलेला असतो, तो धरा.

ग्रेडचं सांगतो. ५डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंडीत ऑइल किती पातळ राहतं त्याचा, दुसरा तापल्यावर किती घट्ट राहतं त्याचा. "लांब जायचंय, जाड ऑइल टाक" हे ऐकू नका, नवीन गाड्यांची इंजिनं ०डब्ल्यू-२० सारख्या पातळ ऑइलसाठीच बनवलेली असतात. मॅन्युअलमधली ग्रेड तीच ठेवा, सोबत स्पेसिफिकेशनही बघा. बीएस६ डिझेलला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर कमी राखेचं, म्हणजे एसीईए सी३ या युरोपियन स्पेसिफिकेशनसारखं जे मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच लागतं. बहुतेक गिअरच्या बाईकना कॅनवर जासो एमए किंवा एमए२ (बाईकच्या ऑइलचं जपानी स्पेसिफिकेशन) असलेलं घ्या, कारण त्यांचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारचं ऑइल टाकलं तर तो स्लिप होऊ शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: निघायच्या आदल्या दिवशी ऑइल बदलू नका, आठवडाभर आधी बदला आणि दोनशे-तीनशे किमी चालवून बघा. मी आदल्या संध्याकाळी बदलून घेतलं होतं, गॅरेजवाल्यानं ड्रेन प्लगचा, म्हणजे ऑइल काढायच्या खालच्या बोल्टचा, वायसर जुनाच लावला आणि मला काही कळलं नाही. किणी टोलनाक्याच्या पुढं चहाला थांबलो, पोरगी म्हणाली बाबा गाडीखाली काहीतरी पडतंय. वाकून बघितलं तर प्लगच्या टोकाला थेंब लोंबतोय, पडला की लगेच दुसरा. ऑइल मोजायची पट्टी (डिपस्टिक) काढली तर ऑइल मिनिममला टेकलेलं. कोल्हापुरात नवा वायसर लावून ऑइल भरलं तेव्हा जीवात जीव आला. तेव्हापासून बदलताना समोर उभा राहतो, नवा वायसर आणि फिल्टर आपण हातात द्यायचा, आणि रात्री गाडीखाली एक पुठ्ठा सरकवून ठेवायचा, सकाळी डाग दिसला की समजलं.

ट्रिपमध्ये रोज सकाळी इंजिन थंड असताना, गाडी सपाट जागेवर लावून पट्टी बघा. पुसा, परत घाला, मग काढा. मिनिमम-मॅक्सिममच्या मध्ये असलं की झालं, काठोकाठ भरायचा अट्टाहास नको, जास्त ऑइलला फेस येतो. डिझेलचं ऑइल थोड्या दिवसात काळं पडणारच, त्याला घाबरू नका. पण डीपीएफवाल्या गाडीत लेव्हल आपोआप वर चढलेली दिसली तर ऑइलमध्ये डिझेल उतरतंय, दाखवून घ्या. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, गाडी तिथंच उभी करा.

डिकीत त्याच ग्रेडचा एक लिटरचा सीलबंद कॅन, छोटं नरसाळं आणि जुना बनियनचा बोळा ठेवा. आणि ऑइलचा लाल दिवा लागला तर पुढच्या पंपापर्यंत ओढू नका, बाजूला घेऊन लगेच बंद करा, तो दिवा प्रेशर गेल्याचा असतो.