विंडोजचा लॅपटॉप झोपत (स्लीप मोडमध्ये जात) नाही, आणि झोपला तर उठत नाही? हे करून बघा

आधी नेमकं काय होतंय ते बघा, कारण झाकण बंद केल्यावर आपोआप जागा होणं वेगळं आणि झाकण उघडल्यावर स्क्रीन काळीच राहणं वेगळं.

स्क्रीन काळी पण पंखा फिरतोय, कॅप्स लॉकचा दिवा लागतोय, म्हणजे लॅपटॉप उठलाय, फक्त डिस्प्ले उठलेला नाही. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र दाखवणारं सॉफ्टवेअर) रीसेट होतो आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. नाहीच झालं तर पॉवर बटण 10-15 सेकंद दाबून धरा, पण सेव्ह न केलेलं काम गेलं समजा. हे रोजचंच असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ग्राफिक्स ड्रायव्हर आणि बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा.

आपोआप उठत असेल तर गुन्हेगार बहुतेक वेळा माउस, टेबलाला जरा धक्का लागला की झालं! अंदाज बांधण्यापेक्षा कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची खिडकी) अ‍ॅडमिन म्हणून उघडून 'powercfg /lastwake' ही कमांड चालवा, शेवटचं कुणी उठवलं ते दिसतं (कधी कधी काहीच दाखवत नाही, तेव्हा चिडू नका). मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या प्रॉपर्टीज, तिथे पॉवर मॅनेजमेंट, आणि कॉम्प्युटरला जागं करायची परवानगी देणारी टिक काढा. वेक टायमरपण (ठरलेल्या वेळी लॅपटॉप जागा करणारी सोय) पॉवर ऑप्शन्समधून बंद करा.

बॅगेत लॅपटॉप तापत असेल तर सरळ हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून लॅपटॉप बंद करणारा पर्याय) वापरा, उठायला थोडा वेळ लागतो पण बॅटरी जवळपास खातच नाही.