पोटातला जंतू पुन्हा डोकं वर काढतो? या चुका टाळा

गुहागरला आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. गेल्या वर्षी आईचं पोट पुन्हा जळायला लागलं तेव्हा मी तो उघडला. आत पित्ताच्या गोळ्यांचे तुकडे होते आणि अँटिबायोटिकची एक पट्टीही होती. १४ दिवसांचा कोर्स, घेतलेला पाचच दिवस. "बरं वाटलं, मग कशाला घ्यायच्या?" आई म्हणाली.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू भारी चिवट. युरिएज नावाचं द्रव्य तयार करून तो स्वतःभोवतीची आम्लता मारतो आणि अस्तराच्या बुळबुळीत थराआड दडून बसतो. म्हणून एका औषधाने भागत नाही. दोन-तीन अँटिबायोटिक्स आणि आम्ल कमी करणारी गोळी एकत्र द्यावी लागते, बहुधा १४ दिवस. जळजळ आधी थांबते, जंतू नंतर मरतो. मधेच सोडलं तर उरलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात आणि पुढच्या वेळी वेगळी औषधं शोधावी लागतात. तोंड कडू पडतं, मळमळतं, हे खरं. पण स्वतःच्या मनाने थांबू नका, डॉक्टरांना फोन करा. त्यातलं मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक चालू असताना दारू अजिबात नको. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. आणि उरलेली पट्टी शेजारच्या वहिनींना देऊ नका.

दुसरी चूक आपल्या बोलण्यातच आहे: "पित्त झालंय." मग आमसुलाचं सार, सोलकढी, नाहीतर दुकानातली गोळी. सोलकढी मलाही प्रिय आहे, पण तिने हा जंतू मरत नाही. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी तो वेगळा काढून वाढवला, तोवर अल्सरचा, म्हणजे जठरातल्या जखमेचा, दोष डॉक्टरही तिखटावर आणि काळजीवर टाकत. दोघांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. आपल्याकडे मात्र अजून मिरचीलाच बोल लावतात.

तपासणीतही फसगत होते. पॅन्टोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी चालू असताना श्वासाची किंवा शौचाची तपासणी केली, तर जंतू असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. आईचा पहिला रिपोर्ट असाच आला होता. डॉक्टरांना विचारून ही गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद ठेवून मगच तपासा. कोर्स संपल्यावरही किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी हवी, ती बहुतेक जण टाळतात. तेव्हा रक्ताची तपासणी नको, कारण जंतू गेल्यावरही रक्तातल्या प्रतिपिंडांच्या (शरीराने जंतूशी लढायला बनवलेल्या द्रव्यांच्या) खुणा बराच काळ राहतात.

हा जंतू बहुतेकांना लहानपणी घरातूनच लागतो. बाळाचा घास आपल्या तोंडात चावून मऊ करून देऊ नका. पावसाळ्यात विहिरीचं पाणी नितळ दिसलं तरी भरवसा नको. जांभ्या दगडाच्या भेगांतून शोषखड्ड्यातलं पाणी सहज झिरपतं आणि टायफॉइड, हगवणीचे जंतू आणतं. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर तासभर पाणी उपसू नका, आणि पिण्याचं पाणी खळखळून उकळा. साध्या जुलाबात मात्र अँटिबायोटिक मागू नका, आधी एक लिटर पाण्यात ओआरएसचं एक मोठं पाकीट. ताप किंवा शौचातून रक्त असेल तर दवाखाना.

या जंतूच्या कोर्समध्ये बिस्मथचं औषध असेल तर त्याने शौच आणि जीभ काळी होते, घाबरू नका. पण ते औषध चालू नसताना डांबरासारखी चिकट काळी शौच झाली, उलटीत रक्त आलं किंवा चक्कर आली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. आणि गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण तीही अल्सर करते. आईच्या डब्यात अशा दुखण्याच्या गोळ्यांची पट्टीही होती, सगळ्यात वर.