मोठ्या समुद्री माशासाठी कयाक कशी सज्ज करावी

अमेरिकेत फ्लोरिडाच्या आग्नेय किनाऱ्याजवळून गल्फ स्ट्रीम हा समुद्री प्रवाह वाहत असल्याने तिथले हौशी गळकरी कयाकवरून सेलफिशसारख्या मोठ्या माशांच्याही मागे जातात. कोकणात खोल पाणी किनाऱ्यापासून बरेच दूर असते. तरीही खडकाळ भागात मोठी सुरमई किंवा कोकर गळाला लागू शकते आणि तेवढा मासाही कयाक सहज ओढत नेतो. या ओढण्याला घाबरण्याचे कारण नाही, कारण कयाक पाण्यावर सरकत राहिल्याने दोरीवरचा झटका कमी होतो आणि मासा दमतो. धोका आहे तो ओढ बाजूने बसण्यात. मासा नाळेच्या, म्हणजे कयाकच्या पुढच्या टोकाच्या, दिशेने ओढत असेल तर कयाक त्याच्यामागे सरळ जाते. तोच ताण कुशीवर आला, तर ती कलंडते.

समुद्रासाठी वर बसण्याची, पाणी आपोआप निचरून जाणारी कयाकच घ्यावी. रॉडचे होल्डर बसवताना नुसते स्क्रू पिळून भागत नाही, कारण जोराचा झटका बसताच ते पातळ प्लॅस्टिकमधून उपटून येतात. आतल्या बाजूने जाड पट्टी लावून ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आरपार घालावेत आणि भोके मरीन सीलंटने बुजवावीत. गळ ओढत वल्हवताना वापरायचा होल्डर बसल्या जागेवरून हात पोहोचेल असा, समोर असावा. पाठीमागच्या होल्डरमधला रॉड मासा लागल्यावर अंग वळवून काढावा लागतो आणि तोल नेमका तिथेच जातो. रॉड सात फुटांच्या आसपासचा ठेवावा, म्हणजे मासा कयाकखालून पलीकडे गेला तर टोक पाण्यात घालून दोरी नाळेला वळसा देऊन पलीकडे नेता येते.

रीलचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की ठरावीक ताणावर दोरी सुटू देणारा ब्रेक, अंदाजाने लावू नये. दोरीच्या तुटण्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे ३० पौंडी दोरीला साधारण साडेतीन ते साडेचार किलो, हा ताण किनाऱ्यावरच स्प्रिंगकाटा लावून मोजून घ्यावा. सुरमईचे दात दोरी कापतात, म्हणून गळापाशी तारेचा तुकडा हवाच.

नांगरासाठी कयाकच्या एका बाजूने नाळेपासून पिछाडीपर्यंत दोन कप्प्यांवर (पुलींवर) फिरणारी दोरी बसवून तिच्यात एक कडे ठेवावे. ते सरकवले की नांगराचा ताण हव्या त्या टोकावर नेता येतो. नांगराच्या दोरीला तरंगणारा गोळा आणि एका हाताने उघडणारा आकडा असावा, म्हणजे मोठा मासा लागताच नांगर गोळ्यासकट तिथेच सोडून त्याच्यामागे जाता येते आणि झुंज संपल्यावर परत येऊन उचलता येतो. वल्हे आणि रॉड कयाकला बांधलेले असावेत, पण त्यांचीही बकले चटकन सुटणारी हवीत, आणि लोंबत्या दोऱ्यांचे वेटोळे पायाशी राहू देऊ नये.

सुरी लाइफ जॅकेटच्या छातीवर असावी. ती झाकणाखालच्या खणात ठेवणारे पुष्कळ दिसतात. वेणीसारखी विणलेली (ब्रेडेड) गळाची दोरी बोटांना गुंडाळली गेल्यावर तो खण कोण उघडणार? मासा आत ओढायच्या आकड्याच्या टोकाला नळीचे टोपण घालावे. जॅकेटवरच जलरोधक व्हीएचएफ रेडिओ संच असावा आणि त्यावर १६ नंबरचे, म्हणजे संकटात मदत मागण्याचे, चॅनेल ऐकता येत असावे.

ही सगळी बांधणी झाल्यावर पहिली फेरी माशासाठी करू नये. कमरेभर पाण्यात सामानासकट कयाक मुद्दाम उलटवावी, पुन्हा सरळ करून वर चढून पाहावे, आणि चढताना जो होल्डर किंवा दोरी आड आली तिची जागा बदलावी.