संविधान वाचायचंय? मग पहिल्या पानापासून सुरू करू नका

२६ नोव्हेंबर जवळ आला की नागपुरात उत्साहाला तोटा नसतो. संविधान चौकात उद्देशिकेचं वाचन होतं, फोटो निघतात, आणि घरी आल्यावर मंडळी नेटाने अनुच्छेद १ पासून वाचायला बसतात. नागरिकत्वाच्या प्रकरणापर्यंत पोचता पोचता पुस्तक कपाटात जातं. ते साहजिकच आहे. मूळचे ३९५ अनुच्छेद आणि नंतरची भर ओळीने वाचायला कादंबरी थोडीच आहे! ‘महत्त्वाची शंभर कलमं पाठ करा’ हा सल्लाही नको. तो स्पर्धा परीक्षेवाल्यांचा धंदा आहे, त्यांना लखलाभ.

प्रत मिळवणं सोपं आहे. सिव्हिल लाइन्सच्या शासकीय ग्रंथागारात विचारा, नाहीतर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात तिथे बघा. अट एकच: तळटिपा असलेली प्रत घ्या. ‘सोप्या भाषेत संविधान’ छापाच्या पुस्तिका सध्या दूर ठेवा. त्यात नेमक्या अटी आणि अपवाद गाळलेले असतात, आणि खरी मेख तिथेच असते.

उद्देशिका एकदा सावकाश वाचा. सोबत १३ डिसेंबर १९४६ ला नेहरूंनी संविधान सभेत मांडलेला उद्दिष्टांचा ठराव ठेवा, म्हणजे काय आलं, काय बदललं ते दिसतं. ‘समाजवादी’, ‘धर्मनिरपेक्ष’ आणि ‘एकात्मता’ हे शब्द १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आले, एवढं लक्षात ठेवून पुढे चला.

आता अवघड पायरी. एक अनुच्छेद, पण पूर्ण वाचायचा. भलेभले इथे घसरतात, आणि मलाही ही पायरी जमायला बराच वेळ लागला.

हिवाळी अधिवेशनातलं नेहमीचं दृश्य घ्या. मोर्चा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवला जातो. बॅरिकेडला टेकलेली एक बाई हवालदाराला म्हणते, “संविधानानं हक्क देल्ला, मंग काहून अडवता?” हवालदार म्हणतो, “वरून ऑर्डर आहे, मावशी.” दोघंही अनुच्छेद १९ बद्दलच बोलताहेत, पण अर्ध्या-अर्ध्या.

अनुच्छेद १९ चा खंड (१) हक्क देतो. त्यात भाषणाचा हक्क आहे, तसा शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचाही आहे. बहुतेक लोक इथेच पुस्तक मिटतात. खंड (२) ते (६) मध्ये त्याच हक्कांवरचे निर्बंध आहेत, आणि सगळ्या हक्कांची मर्यादा एकच नाही. एकत्र जमण्यावरचे निर्बंध खंड (३) मध्ये सापडतील: देशाची सार्वभौमता व एकात्मता किंवा सार्वजनिक सुव्यवस्था, एवढ्याच कारणांसाठी, आणि तेही वाजवी असले तर. भाषणावरच्या निर्बंधांची यादी यापेक्षा बरीच लांब आहे. म्हणून ‘मूलभूत हक्कांना मर्यादा असतात’ हे गुळमुळीत वाक्य मला मुळीच चालत नाही. कोणत्या हक्काला, कोणत्या कारणाने, ते बोट ठेवून दाखवा.

आणि वाजवी काय ते शेवटी कोर्ट ठरवतं, पोलीस नव्हे. हिम्मतलाल शाह खटल्यात १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच तपासलं होतं. रस्त्यावरच्या सभेचं नियमन करता येईल, पण कोणताही निकष न देता परवानगी नाकारायची मोकळीक अधिकाऱ्याला देणारा नियम टिकला नाही.

मग तळटिपा. खंड (२) खालची टीप १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीकडे नेते. मद्रास सरकारने एका साप्ताहिकावर घातलेली बंदी १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. वर्षभरात संसदेने यादीत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ घातली, पण त्याच दुरुस्तीने भाषणावरचे निर्बंध ‘वाजवी’ असण्याची अटही आली. टीप न वाचणाऱ्याला वाटतं, हे सगळं १९५० पासून असंच आहे.

वाचताना दोन प्रश्न पेन्सिलने समासात लिहून ठेवा. हा हक्क कुणाला आहे? अनुच्छेद १९ नागरिकांपुरता आहे. समानतेचा १४ आणि जीविताचा २१ प्रत्येक व्यक्तीला लागू होतात, परदेशी माणसालासुद्धा. आणि तो कुणाविरुद्ध आहे? त्यासाठी अनुच्छेद १२ उघडा, ‘राज्य’ म्हणजे कोण ते तिथे आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीवर १९ चा बाण सोडणारे बरेच भेटतात, म्हणून सांगतो.

त्यानंतर संविधान सभेच्या चर्चा. इथे एक खोच आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. चर्चेतले क्रमांक मसुद्याचे आहेत. आजचा १९ तिथे १३ आहे, १७ तिथे ११, ३२ तिथे २५. अस्पृश्यता संपवणारा अनुच्छेद २९ नोव्हेंबर १९४८ ला मंजूर झाला तो ११ म्हणून. हे माहीत नसलं की माणूस चुकीचं पान उघडून डोकं धरतो. बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण मात्र अथपासून इतिपर्यंत वाचा. फॉरवर्ड होणाऱ्या दोन ओळींवर भागवू नका.

पुढचा सराव आपल्या घरचाच, ३७१(२). विदर्भासह तीन स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद यात आहे. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ती आली, मंडळं उभी राहिली १९९४ मध्ये, आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. अनुच्छेद वाचा आणि जबाबदारी नेमकी कुणाची, सक्तीची की ऐच्छिक, ते ठरवा. मंडळं नाहीत म्हणून उच्च न्यायालयात जाता येईल का, यावर दोन-चार जणांत वाद घाला. त्याआधी उच्च न्यायालयाच्या अधिकारांचा अनुच्छेद २२६ वाचून या.