गोव्याच्या संगीतावरचे अभ्यासलेख डेटाबेसमध्ये शोधताय? या चुका टाळा

पीएच.डी.च्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य ठरलेलं असतं: 'या विषयावर आजवर फारसं संशोधन झालेलं नाही.' विषय ढालो या बायकांच्या गाण्या-नाचाच्या विधीचा असो, घुमट या मातीच्या वाद्याचा असो, मांडो या कोंकणी गीतप्रकाराचा असो की गायिका केसरबाई केरकरांचा. या वाक्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की उमेदवाराने एका डेटाबेसमध्ये दोन शब्द टाकले, पहिली दोन पानं चाळली आणि लॅपटॉप मिटला. पुढे दिलेल्या चुका दरवर्षी त्याच त्या दिसतात. त्यातल्या पहिल्या दोन सगळ्यांत महागात पडतात, म्हणून त्यांच्यावर जरा रेंगाळू.

'गोवा' आणि 'म्युझिक' टाकायचं, मग 'नॉट' लावून झाडू मारायचा

हे दोन शब्द इंग्रजीत टाकले की पहिल्यांदा काय येतं? हणजुणचा किनारा, रेव्ह पार्ट्या, डीजे. 'गोवा ट्रान्स' हा १९९०च्या दशकात जगभर पसरलेला इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रकार. त्यावर युरोप-अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात भरपूर लिहिलं गेलं आहे, आणि डेटाबेसला तुमची फुगडी आणि त्यांची पार्टी यांतला फरक कळत नाही.

इथवर ठीक. खरा घोटाळा पुढे होतो. ढालोवर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने या गर्दीला कंटाळून शोधाच्या शेवटी 'नॉट ट्रान्स' जोडलं. यादी एकदम स्वच्छ झाली. इतकी स्वच्छ की ढालोबद्दल जेमतेम दोन-तीन नोंदी उरल्या आणि सिनॉप्सिसमध्ये ते ठरलेलं वाक्य येऊन बसलं. व्हायव्हाच्या वेळी बाहेरच्या परीक्षकांनी एका लेखाचं नाव घेतलं, मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. तिने एकही पाहिलेला नव्हता. कारण साधं होतं. ढालोच्या शेवटच्या दिवशी मांडावर, म्हणजे ढालो खेळतात त्या जागेवर, बायकांच्या अंगात रंभा येते, आणि अंगात येण्याला इंग्रजी अभ्यासक जो शब्द वापरतात तो 'ट्रान्स'च. म्हणजे रंभेबद्दल लिहिणारा प्रत्येक लेख तिने स्वतःच्या हाताने बाहेर काढला होता. जागर, गडे यांसारख्या विधींवर, देवाच्या अवसरावर (अंगात येण्यावर) काम करणाऱ्याचंही नेमकं हेच होईल.

'नॉट' ही कोयती आहे, चाळण नव्हे. तो शब्द लेखात एकदाच आला असेल, तळटीपेत आला असेल, तरी अख्खा लेख जातो. जेस्टोरसारख्या, नियतकालिकांचे अख्खे लेख ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये शोध मूळ मजकुरात चालतो, तिथे तर चाळीस पानांच्या लेखातला एक शब्द पुरतो. 'नॉट'ला शक्यतो हात लावू नका. गर्दी कमी करायची तर हव्या त्या गोष्टीचे शब्द वाढवा: ढालोसाठी 'विमेन', 'रिच्युअल', 'साँग', 'कोंकणी'. आणि दोन शब्द एकमेकांजवळ यायला हवेत अशी अट घाला. जेस्टोरमध्ये दोन्ही शब्द एका अवतरणात टाकून पुढे ~१० लिहिलं की ते दहा शब्दांच्या अंतरात शोधले जातात. ईब्स्को या दुसऱ्या डेटाबेस-सेवेवर दोन शब्दांच्या मध्ये 'एन' आणि आकडा येतो. (आकडे अर्थातच इंग्रजी टायपायचे.) एवढ्याने अर्धं रान साफ होतं आणि रंभाही जागेवर राहते.

जाता जाता: जेस्टोरमध्ये अँड, ऑर, नॉट कॅपिटल अक्षरांतच लिहावे लागतात. छोट्या अक्षरांत लिहून 'ऑर चालत नाही' अशी तक्रार करणारे दर सत्रात भेटतात.

एकच स्पेलिंग

आपण कानाला ऐकू येतं तसं रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, लिहितो. घुमट म्हणजे जी-एच-यू-एम-ए-टी. पण लेख लिहिणारा गोंयकार कोंकणी उच्चाराने शेवटून दुसरं अक्षर 'ओ' करतो, कुणी शेवटी दोन 'टी' लावतो, जुन्या पोर्तुगीज वळणाच्या लेखनात 'एच'च गळालेला असतो. फुगडी 'एफ'ने किंवा 'पी-एच'ने, 'डी' एक किंवा दोन. जागर 'जे'ने किंवा 'झेड'ने. देखणी या नाचगाण्याच्या नावाला तर धरबंधच नाही. कोंकणी हा शब्दसुद्धा 'के'ने, 'सी'ने, एका 'एन'ने, दोन 'एन'ने सापडतो.

मग देवनागरीत शोधावं, असं कुणाला वाटेल. घुमट टाकून पाहा. विजापूरचा गोल घुमट समोर येईल. आणि रोमीत मांडो टाकून पाहा. स्पॅनिशमध्ये तीच अक्षरं म्हणजे 'हुकूम', शेवटच्या 'ओ'वर आघातचिन्ह आलं तर 'त्याने हुकूम केला' किंवा 'त्याने पाठवलं', आणि बहुतेक डेटाबेस असली चिन्हं धरतच नाहीत. राजे-सरदारांच्या पत्रव्यवहाराचे ढीग अंगावर येतात. कुडतरीचा मांडो शोधायला गेलेला माणूस मेक्सिकोत पोचतो आणि पोदेराचं (पाववाल्याचं) पोंपों ऐकू येईपर्यंत स्क्रोल करत बसतो. मांडो कधीच एकटा टाकू नये. सोबत 'गोवा', 'दुलपद', 'कोंकणी' यांपैकी काहीतरी हवंच.

यावर सोय आहे, पण तीही जपून वापरायची. ईब्स्को आणि जेस्टोर या दोन्हींकडे प्रश्नचिन्ह एका अक्षराची जागा घेतं: जी-एच-यू-एम-?-टी लिहिलं की 'ए'वाला आणि 'ओ'वाला दोन्ही घुमट येतात. तारका कितीही अक्षरांची जागा घेते, आणि उतावळ्यांना तीच आवडते. 'गोवा'च्या तीन अक्षरांपुढे तारका लावलीत तर इंग्रजीतला 'गोल' येतो, 'गोलकीपर' येतो, 'गोट' म्हणजे बकरीही येते. (घोरपड १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, म्हणून घुमटाला आता बकरीचं कातडं चढवतात, तेवढ्यापुरती बकरी कामाची, एरवी नाही.) 'राग' शोधताना आर-ए-जी पुढे तारका लावली की अमेरिकेतलं रॅगटाइम पियानो संगीत धो धो वाहत येतं. मूळ शब्द चार-पाच अक्षरांचा तरी असल्याशिवाय तारका नकोच. गुगल स्कॉलरमध्ये ही चिन्हं चालतच नाहीत; तिथे प्रत्येक रूप 'ऑर'ने जोडून लिहावं लागतं.

'संगीत' शब्दाचीही हीच गत. दोन 'ई'ने, एका 'आय'ने, शेवटी 'ए' लावून, 'एन'च्या जागी 'एम' घेऊन. संस्कृत पद्धतीने लिप्यंतर करणारे शेवटचा 'ए' ठेवतात, हिंदी-मराठी वळणाचे गाळतात. नाट्यसंगीत कुणी एक शब्द लिहितो, कुणी दोन.

सवय अशी लावा: वहीच्या डाव्या अंगाला मराठी शब्द, उजव्या अंगाला सापडलेली सगळी रूपं. नवीन लेख वाचला आणि नवीन रूप दिसलं की त्याच क्षणी उतरवायचं. महिन्याभरात यादी तयार होते, आणि ती कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त उपयोगी पडते.

गावांच्या नावांसाठीही असंच पान हवं. डिचोली म्हणजे बिचोलिम, पेडणे म्हणजे पेर्नेम, केपें म्हणजे क्वेपेम, सांगे म्हणजे सांगुएम. मराठी उच्चाराप्रमाणे इंग्रजीत 'डिचोली' टाइप करून काही मिळालं नाही म्हणून डिचोलीच्या लोककलांवर कुणी लिहिलंच नाही, असं होत नाही. पणजीची तर तीन-चार रूपं, आणि पोर्तुगीज काळातल्या कागदपत्रांत ती 'नोव्हा गोवा' म्हणूनही येते.

आपल्या शब्दांत शोधायचं, अभ्यासकांच्या नाही

केसरबाई, मोगूबाई ज्या समाजातून आल्या त्याबद्दलचं लेखन शोधायचं तर नुसतं 'गोमन्तक मराठा समाज' पुरत नाही. तेच लेखन 'कलावंत', 'देवदासी', पोर्तुगीजमधलं 'बायलादैरा', इंग्रजांचं 'नॉच', 'कोर्टिझन' यांखाली विखुरलेलं आहे. यातले काही शब्द आज ऐकवत नाहीत, समाजाने ते टाकून दिले आहेत. तरी शोधताना लिहावे लागतात, कारण शंभर वर्षांपूर्वी लिहिणाऱ्याने तेच वापरले.

वाद्यांचंही तसंच. नाव सापडत नसेल तर वर्गाने शोधा: मातीचं भांडं असलेलं चर्मवाद्य, म्हणजे 'पॉट ड्रम', 'मेम्ब्रेनोफोन'.

सोपी युक्ती अशी. एक तरी नेमका लेख सापडला की त्याची नोंद उघडा आणि 'सब्जेक्ट' या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. ते शब्द डेटाबेसवाल्यांनी नेमून दिलेले असतात. त्यांवर क्लिक केलं की त्याच विषयाचं बाकीचं कुटुंब बाहेर येतं, स्पेलिंग काहीही असो. बरेच जण थेट पीडीएफच्या बटणाकडे धावतात, त्यामुळे हा रकाना कुणाच्या नजरेस पडत नाही.

सगळे डेटाबेस सारखेच समजणं

रिल्म १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं. ती मुळात सूची आहे: संगीतावरचे लेख, पुस्तकं, प्रबंध यांची नोंद आणि सारांश. लेख कोणत्याही भाषेतला असो, शीर्षकाचं भाषांतर आणि सारांश इंग्रजीत मिळतो. म्हणून तिथे इंग्रजी संकल्पनांनी शोधलेलं बरं. पूर्ण मजकुराची वेगळी आवृत्ती आहे, पण तिच्यातही सगळ्या नोंदींचा मजकूर नसतो. 'पीडीएफ नाही' म्हणजे 'लेख नाही' असं समजून पुढे सरकणं हा शुद्ध आळस आहे. नोंद उतरवा, अंकाचा क्रमांक आणि पानं घ्या, आणि ग्रंथपालाकडे जा. पणजीत पाटो भागातल्या कृष्णदास शामा ग्रंथालयात आणि ताळगावच्या पठारावर विद्यापीठात बसणारी माणसं याच कामासाठी आहेत.

रिल्मचं मुख्य बळ १९६७पासून पुढच्या लेखनात आहे. साधारण १७६० ते १९६६ या काळातल्या जुन्या संगीत नियतकालिकांसाठी रिप्म. रिस्म तिसरंच: ती हस्तलिखितांची आणि छापील स्वरलेखनाची सूची. चर्चमधल्या संगीताची पोथी कुठल्या संग्रहात आहे हे तिथे पाहायचं. तिथे समीक्षा शोधत बसायचं नाही. नावं सारखी वाटतात म्हणून लोक गोंधळतात, शीत आणि पेज एकाच तांदळाचं तसं.

जेस्टोरमध्ये अनेक नियतकालिकांचे अगदी ताजे अंक नसतात, अलीकडची तीन ते पाच वर्षं बाहेर असतात. तेवढ्यासाठी प्रकाशकाच्या संकेतस्थळावर पाहावं. 'फक्त सारांशात शोध' हा पर्याय जेस्टोरवर निवडू नका. तिथल्या फार थोड्या लेखांना सारांश आहेत, बाकीचे गुपचूप गळतात.

घरून लॉगिन न करता लेख उघडायचा, पैसे मागितले की चोरीच्या संकेतस्थळावर जायचं, हीही एक पद्धत झाली आहे. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्र सरकारची योजना १ जानेवारी २०२५पासून सुरू आहे, सरकारी उच्च शिक्षण संस्थांना त्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं खुली आहेत. आपली संस्था त्यात येते का, हे आधी विचारा.

शोधगंगेवर एकदाच डुबकी

भारतीय प्रबंध इथे आहेत, फुकट आहेत, पण शोधयंत्रणा कुरकुरी आहे. मराठी प्रबंधाचं शीर्षक कधी देवनागरीत, कधी रोमीत, कधी इंग्रजी भाषांतरात भरलेलं असतं. तिन्ही प्रकारे शोधा. प्रबंधाच्या आतला मजकूर शोधात येईल ही आशा सोडा: पुष्कळ पीडीएफ नुसते स्कॅन आहेत, आणि जे टाइप केलेले आहेत ते जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांत. पडद्यावर 'मांडो' स्वच्छ दिसतो, कॉपी करून पाहिलं तर भलत्याच इंग्रजी अक्षरांचा चिवडा. म्हणून विद्यापीठ निवडा, विभाग निवडा, यादी डोळ्यांनी चाळा. अर्धा तास लागतो. प्रकरणं वेगवेगळ्या फायलींत असतात. संदर्भसूचीची फाइल आधी उघडा, खरा माल तिथे असतो.

थोडक्यात

जेस्टोरवर पुस्तकाचं नाव दिसलं म्हणजे ते पुस्तकच असं नव्हे. बरेचदा ते दोन पानांचं परीक्षण असतं, आणि लोक ते पुस्तक म्हणून संदर्भात देतात.

सारांश वाचून लेख वाचल्यासारखा उद्धृत करू नका. परीक्षक विचारतात.

कोणत्या तारखेला, कुठे, कोणते शब्द टाकून काय मिळालं ते लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तोच शोध तुम्ही पुन्हा करणार आहात.

चॅटबॉटकडून संदर्भयादी मागवणाऱ्यांना एकच विनंती: प्रत्येक नोंद रिल्मवर किंवा ग्रंथालयाच्या सूचीत स्वतः शोधून पाहा. लेखक खरा, नियतकालिक खरं, आणि लेख कधी लिहिलाच गेला नाही, असा माल त्यात बेमालूम मिसळलेला असतो.

आणि पोर्तुगीज येत नाही ही सबब चालणार नाही. पोर्तुगालमधल्या विद्यापीठांचे प्रबंध 'रकाप' या सामायिक दालनात खुले आहेत. 'मुझिका', 'कान्साँव', 'गोएश', 'गोएझा' एवढ्या चार शब्दांचं पोर्तुगीज स्पेलिंग वहीत असलं तरी काम सुरू होतं. प्रबंधाच्या सुरुवातीच्या पानांत इंग्रजी सारांश बहुधा असतोच, आणि शेवटच्या सूचीतली गोव्याची नावं ओळखायला शब्दकोश लागत नाही.