मिस्त्रींचं काम वहीत कसं उतरवावं: फाउंड्रीत नव्यानं लागणाऱ्यांसाठी

आयटीआय किंवा डिप्लोमा करून बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, लागलात, की मिस्त्री मराठीत सांगणार, शेजारचा मोल्डर (साचा बनवणारा) कन्नडमध्ये आणि भट्टीवरचा हिंदीत. ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. साच्याची पेटी बंद करायची वेळ आली की हात अडतो. म्हणून ऐकलेलं त्याच दिवशी चित्रात काढा आणि मिस्त्रींपुढे धरा. चित्र तुम्हीच काढायचं, दुरुस्ती त्यांनी करायची. त्यांनी काढून दिलेलं चित्र कितीही सुबक असलं तरी तुमची समजूत कुठं चुकलीय ते त्यात दिसत नाही.

बाहेरून दिसते तशी पेटी काढू नका, उभा छेद काढा. ए-३ कागद आडवा घ्या, मधोमध पार्टिंगची रेघ (पेटीचे दोन भाग जुळतात ती), वर कोप म्हणजे वरची पेटी, खाली ड्रॅग म्हणजे खालची. मग पोकळी, कोअर (कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून बसवलेला वाळूचा गाभा), रनर (रस, म्हणजे वितळलेला धातू, नेणारी वाट), गेट (रस पोकळीत शिरतो ते तोंड), रायझर (धातू आकसताना रस पुरवणारा साठा) या क्रमानं. रंग तीनच: वाळू काळी, रस लाल, वायूची वाट निळी. बाण फक्त प्रवाहाला वापरा. मापाला, नावाला आणि प्रवाहाला सारखेच बाण दिले की वाचणारा गोंधळतो.

निळ्या रेघेकडे नीट लक्ष द्या. रस लागला की कोअरमधली वाळू बांधून ठेवणारा बाइंडर जळून वायू सुटतो. तो व्हेंटमधून (वायूसाठी ठेवलेल्या भोकातून) कोअरप्रिंटकडे (कोअर साच्यात टेकतो त्या जागेकडे) आणि तिथून साच्याबाहेर जायला हवा. नवखे बहुतेकदा रेघ प्रिंटपाशीच थांबवतात, आणि प्रत्यक्षातही वाट तिथंच बुजते: कोअर बसवताना लावलेली पेस्ट व्हेंटच्या तोंडात जाते, वायू रसात शिरतो, कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या वस्तूला, ब्लोहोल (वायूचं भोक) पडतं. मोबाइलच्या फोटोत हे सापडणार नाही, कारण फोटोत वरची बाजूच येते. चॅपलेट (कोअरला आधार देणारे धातूचे तुकडे) कुठं ठेवले, एवढ्यासाठी फोटो चांगला.

माप लिहिताना ते पॅटर्नचं (वाळूत पोकळी उठवायच्या नमुन्याचं) की कास्टिंगचं, हे आधी लिहा. करडं बीड गार होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न मीटरमागे सुमारे १० मिमी मोठा करतात. नुसता आकडा लिहिलात तर पुढचा माणूस तो कशाचा धरेल, याचा नेम नाही. वाळूची ओल आणि ओतण्याचं तापमान ऐकीव लिहू नका, त्या जॉबच्या कार्डावरून घ्या.

भागांवर नावांऐवजी क्रमांक टाका. खाली यादीत प्रत्येक क्रमांकापुढे मराठी नाव तुम्ही लिहा, कन्नड नाव शेजारच्या मोल्डरकडून लिहून घ्या. एका चित्रात सात-आठच भाग ठेवा. जास्त असतील तर गेटिंगचं, म्हणजे रस आत येण्याच्या वाटांचं, चित्र वेगळं करा.

दुसऱ्या दिवशी वही मिटून तेच चित्र पुन्हा काढा. जिथं पेन्सिल थांबेल, तेवढंच मिस्त्रींना विचारा. सगळं पुन्हा सांगा म्हटलं तर ओतणीच्या गडबडीत कुणालाच वेळ नसतो. नेमका प्रश्न विचारला तर ते हातातलं काम थांबवूनही दाखवतात.

पाळी बदलताना नवं चित्र काढत बसू नका. जुन्याची झेरॉक्स घेऊन जे बदललं तेवढ्यालाच गोल करा, शेजारी कारण आणि तारीख लिहा.