सहावी ते आठवीच्या चाचण्यांचा निकाल कसा वाचावा आणि सुधारणेचे उद्दिष्ट कसे ठरवावे

महाराष्ट्रातल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत २०२३-२४पासून राज्याने पुरवलेल्या प्रश्नपत्रिकांवर वर्षातून तीन चाचण्या होतात. सुरुवातीला पायाभूत चाचणी, मग संकलित मूल्यमापन १ आणि २. विषय तीन: प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. शिक्षक पेपर तपासतात, गुण ऑनलाइन भरतात आणि अनेकदा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा कपाटात जातो. कोणत्या मुलाला काय येत नाही आणि का येत नाही, हे मात्र त्या गठ्ठ्यातच असते. ऑनलाइन भरलेल्या बेरजेतून ते कळत नाही.

सहावी-सातवीसाठी तर हे फारच महत्त्वाचे. पाचवीच्या आणि आठवीच्या शेवटी आता वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास पुनर्परीक्षा, तिच्यातही नापास झाले तर मूल त्याच वर्गात राहते. मधल्या दोन वर्षांत असा अडसर नाही. त्यामुळे सहावीत ज्याचे अपूर्णांक कच्चे राहिले, ते मूल सातवी ओलांडून थेट आठवीच्या शेवटी अडते आणि तेव्हा हाताशी दिवस उरलेले नसतात. मधल्या चाचण्या हीच त्याची आगाऊ सूचना.

पुढची पद्धत मुख्याध्यापक, विषयशिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीतले पालक या सगळ्यांना जमण्यासारखी आहे. कागद, पेन्सिल आणि दोन निवांत दुपारी एवढेच लागते. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून सातवीचा एक कल्पित वर्ग घेऊ: पट २८, गणिताचा पेपर ५० गुणांचा, प्रश्न २०.

आधी कागद जमवा

प्रश्नपत्रिका, उत्तरसूची, सगळ्या उत्तरपत्रिका, हजेरीपट आणि याच मुलांचे मागच्या वर्षीचे गुण. हजेरीपट विसरू नका. चाचणीला २६ मुले बसली आणि सरासरी २७ आली, तर ती २६ जणांची सरासरी आहे. गैरहजर दोघांना प्रत्येकी ८ गुण पडले असते असे धरले, तर सरासरी साडेपंचविसाच्या आसपास येते. गैरहजर राहणारी मुले बरेचदा तीच असतात ज्यांना सर्वात जास्त मदत हवी असते. म्हणून त्यांना आठवड्याभरात वेगळे बसवून तोच पेपर सोडवून घ्या. गुण कुठे भरण्यासाठी नाही, आपल्याला कळावे म्हणून.

दुसरी गोष्ट तपासणीची. पाच उत्तरपत्रिका उचला, दिलेले गुण झाका आणि दुसऱ्या शिक्षकांकडून पुन्हा तपासून घ्या. वस्तुनिष्ठ प्रश्नांत फरक पडणार नाही. दीर्घोत्तरी प्रश्नांत एकाच पेपरला तीन-चार गुणांचा फरक पडला, तर दोन तुकड्यांची तुलना करण्याआधी तपासणीचे निकष जुळवावे लागतील. भाषेच्या पेपरात हे हमखास होते. एक शिक्षक शुद्धलेखनाचे गुण कापतात, दुसरे आशय बघतात.

सरासरीवर थांबू नका

एका तुकडीत सगळ्यांना २२ ते ३२च्या दरम्यान गुण आहेत. दुसरीत निम्मी मुले ४१च्या आसपास आणि निम्मी १३च्या आसपास आहेत. दोन्हींची सरासरी २७. पहिल्या तुकडीला सगळ्यांसाठी एक धडा पुन्हा शिकवून भागेल. दुसरीला तसे केले तर अर्धा वर्ग कंटाळेल आणि उरलेल्या अर्ध्याला काहीच कळणार नाही. म्हणून आधी गट मोजा: ० ते १७, १८ ते २९, ३० ते ३९, ४० ते ५०. प्रत्येक गटात किती मुले ते लिहा आणि खालच्या गटातली नावेही लिहा.

टक्केवारीची एक सवय सोडायला हवी. २६ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे जवळपास ४ टक्के. 'उत्तीर्णांचे प्रमाण ८ टक्क्यांनी वाढले' म्हणजे प्रत्यक्षात दोन मुले पुढे सरकली. ती सरकली याचा आनंदच आहे, पण त्यावरून शिकवण्याची पद्धत यशस्वी ठरली असे म्हणता येत नाही. लहान शाळेत नेहमी मुलांच्या संख्येतच बोला.

प्रश्ननिहाय तक्ता

हा सगळ्यात मोलाचा टप्पा आहे आणि नेमका हाच गाळला जातो. मोठ्या कागदावर डावीकडे मुलांची नावे गुणानुक्रमे उतरत्या क्रमाने, वर १ ते २० प्रश्न. बरोबर उत्तराला टिंब. चुकीला फुली नको, मुलाने जे उत्तर लिहिले तेच चौकटीत लिहा: पर्यायाचे अक्षर किंवा आलेली संख्या. कोऱ्या उत्तराला शून्य नको, आडवी रेघ द्या. चुकलेले आणि सोडून दिलेले यांत फरक असतो. शेवटचे तीन-चार प्रश्न बऱ्याच जणांनी कोरे सोडले असतील तर वेळ पुरला नाही, असाच आधी विचार करा. दोघे बसलात, एकाने वाचले आणि दुसऱ्याने भरले, तर एका विषयाला दीड-दोन तास लागतात.

आता उभे रकाने बघा. जिथे निम्म्याहून कमी मुलांचे बरोबर आले ते प्रश्न गोल करा आणि प्रत्येकासमोर तो कोणत्या अध्ययन निष्पत्तीवर (त्या इयत्तेत मुलाला काय यायला हवे याच्या यादीतल्या कोणत्या मुद्द्यावर) आहे ते लिहा. चार पर्यायांच्या प्रश्नात नुसत्या अंदाजानेही चारातले एक बरोबर येते. म्हणजे २६ पैकी ७ जणांचे बरोबर असेल तर वर्गाला तो घटक जवळजवळ येतच नाही असे धरा. सगळ्यांचेच चुकले असेल तर घटक शिकवून झाला होता का, छपाईत चूक आहे का, उत्तरसूची बरोबर आहे का, हे आधी बघा. आणि वरच्या मुलांचे चुकले, खालच्यांचे बरोबर आले, असे दिसले तर प्रश्न संदिग्ध असण्याची शक्यता मोठी.

चुकीचे उत्तर काय सांगते

समजा प्रश्न होता: ०.३५ आणि ०.४ यांतील मोठी संख्या कोणती? ९ जणांनी ०.४ लिहिले. १७ जणांचे चुकले आणि त्यांतल्या १४ जणांनी ०.३५ लिहिले. हा निष्काळजीपणा नव्हे. ३५ हे ४पेक्षा मोठे, हा पूर्ण संख्यांचा नियम मुले दशांश चिन्हाच्या पुढेही लावत आहेत.

आता त्या ९ जणांकडे वळा. काही मुलांचा समज उलटा असतो: चिन्हापुढे अंक जितके जास्त तितकी संख्या लहान. अशा मुलाचे या प्रश्नात उत्तर बरोबर येते, कारण मात्र चुकीचे असते. त्याला ०.८५ आणि ०.४ द्या, ते ०.४ मोठी म्हणेल. म्हणून दोन्ही प्रश्न जोडीने विचारल्याशिवाय खरे कळत नाही. आपल्या वर्गात ही जोडी विचारल्यावर ९ पैकी २ जण गळाले आणि मागाहून बसवलेल्या दोघांनाही जमले नाही, असे धरू. म्हणजे खरी सुरुवात २८ पैकी ७.

अशाच दुसऱ्या ओळखीच्या चुका: एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश (अंशात अंश, छेदात छेद मिळवला), ३ वजा ऋण ५ बरोबर ऋण २, परिमिती विचारली तर क्षेत्रफळ. प्रत्येक चुकीचे मूळ वेगळे, तिचा इलाजही वेगळा.

शाब्दिक उदाहरणे चुकली असतील तर लगेच 'गणित कच्चे' असा शिक्का मारू नका. मुलाला शेजारी बसवा आणि क्रमाने विचारा. हे उदाहरण वाचून दाखव. काय काढायचे आहे ते तुझ्या शब्दांत सांग. कोणती क्रिया करशील? आता करून दाखव. उत्तर वाक्यात लिही. पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवर मूल अडले तर प्रश्न वाचनाचा आहे आणि त्याची चर्चा भाषेच्या शिक्षकांबरोबर व्हायला हवी. सहा-सात मुलांना असे विचारायला एक तासिका पुरते.

तुलना कशाशी करायची

पायाभूत चाचणी मागच्या इयत्तेच्या अभ्यासक्रमावर असते, संकलित १ चालू वर्षाच्या पहिल्या सत्रावर. त्यामुळे पायाभूतमध्ये ३० आणि संकलितमध्ये २६ मिळाले म्हणजे मूल घसरले, असा अर्थ निघत नाही. पेपर वेगळा, काठिण्य वेगळे. प्रगती बघायची तर एकाच घटकावरचे समांतर प्रश्न द्या: रचना तीच, आकडे वेगळे.

यंदाच्या सातवीची तुलना गेल्या वर्षीच्या सातवीशी करणेही फसवे, कारण मुलेच वेगळी आहेत. हीच मुले सहावीत कुठे होती ते बघा आणि मधल्या काळात शाळेत आलेल्या-गेलेल्यांची नावे बाजूला काढा.

मुलांना काय येते ते देशभर तपासणारे परख राष्ट्रीय सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी आणि नववीसाठी झाले. त्याआधीचे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०२१ सालचे. दोन्ही नमुना सर्वेक्षणे, म्हणजे निवडक शाळांतली. त्यांत जिल्ह्याचे चित्र मिळते, एखाद्या शाळेचा निकाल नव्हे. जिल्ह्यात कोणत्या क्षमता कच्च्या आहेत हे बघायला तो अहवाल जरूर वाचा. त्यातली टक्केवारी आपल्या वर्गाच्या टक्केवारीशेजारी मांडू नका.

उद्दिष्ट लिहिताना

'गणिताचा निकाल १० टक्क्यांनी वाढवणे' हे उद्दिष्ट नाही, कारण ते वाचून सोमवारी वर्गात काय करायचे ते कळत नाही. असे लिहा: दशांश अपूर्णांकांची तुलना आज २८ पैकी ७ जणांना येते. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत २० जणांना आली पाहिजे. आली म्हणजे काय? जोडीचे प्रश्न धरून ५ पैकी ४ बरोबर, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा विचारल्यावरही. जबाबदारी गणिताच्या शिक्षकांची. वेळ आठवड्यातून चार दिवस, रोज अर्धा तास, सहा आठवडे, म्हणजे एकूण बारा तास. हा अर्धा तास वेळापत्रकात कुठून काढायचा ते त्याच कागदावर ठरले पाहिजे. न ठरलेला तास कधीच होत नाही.

साधन काय वापरायचे तेही लिहा. इथे मीटरची टेप उपयोगी पडते: ०.३५ मीटर म्हणजे ३५ सेंटिमीटर, ०.४ मीटर म्हणजे ४०. मुलाला दोन्ही ठिकाणी बोट ठेवू द्या. शंभर चौकटींचा कागद रंगवूनही तेच दिसते. रुपये-पैशांचे उदाहरण जपून वापरा. ३.५ म्हणजे ३ रुपये ५ पैसे असे मुले वाचतात आणि चूक आणखी घट्ट होते.

उरलेल्या ८ जणांचे काय? त्यांची नावे वगळून उद्दिष्ट पूर्ण झाले म्हणता येणार नाही. त्यांना दशक-एकक आणि दशांश स्थानाची किंमतच कळलेली नसेल, तर त्यांच्यासाठी आधीच्या पायरीचे वेगळे, जवळचे उद्दिष्ट लिहा. काठावरच्या चार मुलांना ढकलून पार केले की आकडा लगेच सुधारतो, म्हणून सगळी मेहनत त्यांच्यावरच करायचा मोह होतो. त्याची किंमत तळातली मुले मोजतात.

एका सत्रात एका वर्गासाठी एका विषयाची दोन उद्दिष्टे पुरेत. बारा उद्दिष्टांचा आराखडा फायलीतच राहतो.

उद्दिष्टांचा अतिरेक कुठे नेतो हे अमेरिकेत दिसले आहे. २००२ साली लागू झालेल्या तिथल्या कायद्याने २०१३-१४पर्यंत सर्व मुले वाचन आणि गणितात प्रवीण झाली पाहिजेत असे ठरवले. ते कुठेच साध्य झाले नाही आणि २०१५ साली तो कायदा बदलला. त्याच काळात अटलांटा शहरात गुणांच्या दबावाखाली शिक्षकांनीच उत्तरपत्रिकांतली उत्तरे बदलली. २०११च्या राज्य चौकशीत ४४ शाळा आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांवर ठपका आला. गुण वाढले नाहीत म्हणून शिक्षकाला धारेवर धरले, तर पुढच्या वेळी खरा तक्ता तुमच्यासमोर येणारच नाही.

समितीच्या सभेत

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि कलम २२नुसार सरकारी शाळांत शाळा विकास आराखडा करणे हे समितीचे काम आहे. म्हणून हा निकाल समितीपुढे यायलाच हवा. मुलांची नावे मात्र सभेत वाचू नका, फळ्यावर लावू नका. समितीला प्रश्ननिहाय संख्या दाखवा. नावानिशी बोलणे त्या-त्या पालकांशी स्वतंत्र आणि हातात उत्तरपत्रिका घेऊन. 'तुमचा मुलगा कच्चा आहे' याऐवजी 'त्याला गुणाकार येतो, भागाकारात हातचा घेताना तो इथे चुकतो' असे दाखवले की पालकही मदत करू शकतात.

पालकांनी सभेत विचारण्यासारखे दोन प्रश्न पुरेसे आहेत. सर्वात जास्त मुलांचे चुकलेले तीन प्रश्न कोणते? त्यांसाठी आठवड्यात किती तास ठेवले आहेत? उत्तर मिळाले नाही तर पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत हाच विषय पहिला घ्यायला सांगा.

दर दुसऱ्या शुक्रवारी पाच प्रश्नांची चिठ्ठी घ्या आणि संख्या त्याच तक्त्याखाली लिहीत जा: ७, १०, १४. दोन चिठ्ठ्यांत आकडा हलला नाही तर सहा आठवडे पूर्ण होण्याची वाट बघू नका, पद्धत बदला. तीच पद्धत जोर लावून पुन्हा केल्याने फरक पडत नाही. एप्रिलमध्ये सगळे तक्ते एका पाकिटात घालून पुढच्या वर्षीच्या वर्गशिक्षकांच्या हाती द्या. बदली किंवा सेवानिवृत्ती असेल तर मुख्याध्यापकांकडे, सही घेऊन. जूनमध्ये नव्या शिक्षकांना पहिल्या दिवसापासून कळेल की आठवीत आलेल्या या २८ जणांपैकी कोणाला अजून दशांश अपूर्णांक समजावून द्यायचे आहेत.